रकाना पंचवीस

९ फेब्रुवारी २०११, बुधवार

आजपासून जनगणनेची दुसरी फेरी. माणशी एकोणतीस प्रश्न, २८ तारखेपर्यंत. गेल्या उन्हाळ्यात घरयादी केली तेव्हा प्रश्न घराबद्दल होते: भिंत कशाची, छप्पर कशाचं, नळ घरात की बाहेर. लोक भिंतीकडे बघून उत्तर द्यायचे. आता प्रश्न माणसाबद्दल आहेत, तर उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघतात.

माझा गट उल्हासनगर कॅम्प चारमध्ये. इथं पत्ता म्हणजे सेक्शन आणि बॅरॅक नंबर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर तिच्या बॅरॅकींमध्ये सिंधमधून आलेल्यांना ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि उल्हासनगर हे नाव पडलं. बॅरॅकी पाडून तिथं चार मजले उठले, तरी नंबर काही गेला नाही. लग्नाच्या पत्रिकेवरही तोच छापतात.

पहिल्याच दारात विचारलं, "महापालिकेतून आलात का?" नाही म्हटलं. "मग बांधकामाचं काही नाही ना?" २००५ साली हायकोर्टाच्या आदेशावरून ८५५ बेकायदा इमारतींवर हातोडा पडायची वेळ आली होती. पुढच्या वर्षी त्या नियमित करायचा कायदा झाला, पण फाइल घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईची धास्ती कायद्यानं जात नाही. आम्हाला सांगायला दिलंय की ही माहिती १९४८च्या कायद्यानं गुप्त राहते, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही. ते मी सांगते, कोणी ऐकत नाही. त्यानंतर "मी शाळेत शिकवते" एवढं म्हटलं की खुर्ची येते, पाणी येतं. मग त्याच तोंडातून वेगळी उत्तरं यायला लागतात.

११ फेब्रुवारी

रकाना पंधरा. गेल्या वर्षभरात कधीही काही काम केलं का?

छापलंय तसं वाचलं. "नाही हो, मी घरीच असते." पाठीमागं खाटेवर चादर, चादरीवर पापड. आतून नवऱ्याचा आवाज, "वो कुछ नहीं करती, हाउसवाइफ लिखो." मी विचारलं, पापड कोणाचे? व्यापाऱ्याचे. पीठ तो देतो, लाटायचे आणि वाळवायचे हिनं, पैसे किलोवर. पावसाळ्यात वाळत नाहीत म्हणून तेवढे महिने बंद. बाकीचे महिने मोजले तर सहाच्या वर जातात, म्हणजे नियमानुसार ही मुख्य कामगार.

शेजारच्या घरात पॅन्टींचा ढीग होता. कॅम्प पाचमधल्या कारखान्यातून शिवलेल्या जीन्स येतात, त्यांचे लोंबते धागे कापून द्यायचे. हा हिशेब नगावर. सासू, सून आणि शाळेतून आलेली मुलगी, तिघी कात्र्या घेऊन बसलेल्या. काम करता का? "नाही, हा आपला टाइमपास."

प्रशिक्षणात सांगितलं होतं की बायकांच्या कामाबद्दल खोदून विचारा. १९९१च्या फॉर्ममध्ये याच प्रश्नाला एक कंस जोडला गेला, शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामसुद्धा धरा असा. आधीच्या मोजण्यांमधून बायकांचं काम गळत होतं हे ध्यानात आलं, म्हणून. पण दारात उभं राहून कंस वाचता येत नाही. मी आता चौदा झाला की मध्येच विचारते, सकाळी उठल्यापासून काय काय करता? त्या सांगायला लागतात, आणि सांगता सांगता पंधराचं उत्तर पडून जातं. प्रश्नांचा क्रम बदलायचा नाही असा नियम आहे. मी बदलत नाही. चौदा आणि पंधराच्या मध्ये गप्पा मारायला कोणी मनाई केलेली नाही.

निघताना पापडवालीनं विचारलं, "क्या लिखा?" म्हटलं, काम करनेवाली. ती हसली आणि समोरच्या दारातल्या बाईला सिंधीत ओरडून काहीतरी सांगितलं. तीही हसली.

(स्वयंपाक, धुणं, पाणी भरणं, सासऱ्यांचं पथ्य हे सगळं करणारी मात्र रकाना वीसमध्ये जाते. त्या रकान्याचं नाव आर्थिकेतर कृती. आज पहाटे माझ्याही घरी तीन डबे झाले, ते तिकडे.)

१३ फेब्रुवारी, रविवार

आज बदलापुरात आमच्या घरी प्रगणक आले. दुसऱ्या शाळेतले सर. मी चहा ठेवला आणि समोर बसले. प्रश्न सगळे पाठ असूनही छातीत थोडं धडधडलं.

रकाना बावीस, कामाच्या ठिकाणाचं अंतर, एका बाजूचं, किलोमीटरमध्ये. आमचे हे म्हणाले, "सातची फास्ट." सर म्हणाले, अंतर. "दीड तास, खिडकी नाही मिळाली तर दोन." दोघंही हसले, कारण दोघंही बदलापूरचे. सत्तरच्या आतबाहेर काहीतरी आकडा पडला. या गावात कोणालाही विचारा, अंतर मिनिटांत सांगेल आणि वेळ गाडीच्या नावानं. साहेबांनी किलोमीटर मागितले आहेत, तेव्हा किलोमीटर मिळतील.

मग पंचवीस. स्थलांतराचं कारण. सात पर्याय आहेत: नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवले, कुटुंबासह, इतर. आम्ही लालबागहून इथं आलो. सासरे गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर त्यांची गिरणी त्यांच्यापुरती संपलीच. दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार, आणि बदलापुरात त्या खोलीच्या पैशांत वन रूम किचन मिळत होतं. नोकरीसाठी आलो म्हणावं तर नोकरी तिकडेच राहिली, आम्ही तिच्यापासून लांब आलो. "कुटुंबासह लिहू?" सर म्हणाले. हे म्हणाले, लिहा. मी म्हटलं, कुटुंबप्रमुखच म्हणतो कुटुंबासह आलो, मग कुटुंब कोणासह आलं? सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. सरांनी सहा लिहिला.

पूर्वेला कात्रपपासून पश्चिमेला हेंद्रेपाड्यापर्यंत इमारतींच्या इमारती उभ्या आहेत. त्यातली निम्मी माणसं ज्या कारणानं इथं आली ते 'परवडत नव्हतं' या दोन शब्दांत मावतं. त्याला आकडा नाही.

१६ फेब्रुवारी

ज्या दारातून लवकर निघायचं ठरवलं होतं तिथं दुपार गेली.

दादी पंचाहत्तरीच्या. सून, नातू, आणि भिंतीवर झूलेलाल. जन्मस्थान विचारलं. शिकारपूर. जिल्हा? "सक्खर." नातवानं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, आता शिकारपूर स्वतःच जिल्हा आहे. दादी म्हणाल्या, "मैं अभी पैदा नहीं हुई." त्यानंतरचा रकाना राज्य किंवा देश. सुनेनं सांगितलं, पाकिस्तान. दादींनी हात हलवून नाही म्हटलं. त्यांचा जन्म १९३५चा. तेव्हा पाकिस्तान हे नाव शिकारपुरात कोणी ऐकलंही नसेल. माझ्या डोक्यात आलं आणि मी बोलून गेले: १९३५मध्ये सिंध मुंबई इलाख्यात होता, १ एप्रिल १९३६ला वेगळा निघाला. म्हणजे दादींचा आणि माझ्या आजीचा जन्म एकाच इलाख्यातला. दादींना हे फार आवडलं. "तो वही लिख, पुट. बंबई." ते लिहिता येत नाही. पाकिस्तान लिहिलं, आणि त्या बघत असताना लिहिलं.

मग पंचवीस. सातही पर्याय वाचले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. "फिर से पढ़." पुन्हा वाचले.

"निकलना पड़ा, वो किसमें आएगा?"

सून मध्ये पडली. "अम्मा, फॅमिली के साथ आए थे ना, जहाज़ में? सहा नंबर."

"फॅमिली साथ थी," दादी म्हणाल्या. "वजह थोड़ी थी."

सात लिहिलं. इतर. मुक्कामाची वर्षं त्रेसष्ट.

घरी येऊन मी याचाच विचार करत बसले. १९५१च्या जनगणनेत विस्थापितांसाठी वेगळा प्रश्न होता: कधी आलात, पाकिस्तानातल्या कोणत्या जिल्ह्यातून. तेव्हा सोळा वर्षांच्या असलेल्या दादींबद्दल सरकारला सगळ्यात आधी हेच जाणून घ्यायचं होतं. मग दर दहा वर्षांनी मोजणारे येत गेले आणि विचारायच्या गोष्टी बदलत गेल्या. तेही रास्तच, सगळ्या देशासाठी एकच फॉर्म. स्थलांतराचं कारण १९८१ला पहिल्यांदा आलं, १९९१ला त्यात नैसर्गिक आपत्तीची भर पडली, २००१ला ती काढली. फाळणीसाठी जागा कधीच नव्हती. जिथं पाचच्या पाच कॅम्प त्या एका कारणानं वसले, तिथं ते कारण 'इतर'मध्ये जातं, आणि त्याच 'इतर'मध्ये सुनेवर रुसून लेकीकडे राहायला आलेला म्हाताराही जातो.

आणखी एक नोंदवते. दादींनी "फिर से पढ़" म्हटलं तेव्हा पहिल्यांदाच कोणीतरी प्रश्न ऐकला. एरवी लोक माझा चेहरा बघून अंदाजानं उत्तर देतात.

१८ फेब्रुवारी

सुभाष टेकडी. रकाना सात धर्म, रकाना आठ अनुसूचित जात किंवा जमात आणि तिचं नाव.

मुलगा पंचविशीचा, इंजिनिअर. "धर्म बौद्ध. पुढचं कोरं ठेवा." म्हटलं, कोरं ठेवता येत नाही, एकतर नाव, नाहीतर नाही असं उत्तर. "बाबासाहेबांनी ५६ साली नागपुरात जे टाकलं, ते तुम्ही दर दहा वर्षांनी दारात येऊन परत मागता." आतून वडील आले. म्हणाले, लिहा बाई, महार लिहा. १९९०ला कायदा बदलला तेव्हा कुठे बौद्धांना अनुसूचित जातीत धरायला लागले; आकडा कमी दिसला तर पुढच्यांचं काय? मुलगा म्हणाला, आकड्यासाठी मी परत तो शब्द बोलायचा का? वडील म्हणाले, तुझी फी त्या शब्दानं भरली.

दोघंही बरोबर बोलत होते आणि दोघांचाही आवाज चढला नव्हता, म्हणून मला मध्ये बोलायला जागाच नव्हती. फॉर्ममध्ये प्रत्येक माणसाची ओळ वेगळी असते हे बरं. वडिलांच्या ओळीत वडिलांचं उत्तर, मुलाच्या ओळीत मुलाचं. बाप आणि लेक एका घरात, एका पानावर, रकाना आठमध्ये दोन तऱ्हा. वर मुंबईत किंवा दिल्लीत कोणी बघेल तर म्हणेल बाईंनी नीट विचारलं नाही.

समाजशास्त्रज्ञ घुर्ये आठवले. आमच्या मालवणचे. १९०१च्या जनगणनेत रिस्ले साहेबानं जातींची सामाजिक उतरंड लावायची टूम काढली: कोण वर, कोण खाली. त्याबरोबर देशभर जातींच्या सभा जागल्या आणि आम्हाला वर लावा म्हणून अर्ज सुरू झाले. घुर्यांनी १९३२च्या आपल्या पुस्तकात याच्यावर बोट ठेवलं. साहेबाला वाटलं आपण नुसतं मोजतोय.

२१ फेब्रुवारी

रकाना सत्तावीस: हयात अपत्यं. अठ्ठावीस: आजवर जन्मलेली. या क्रमानं विचारायचं कोणी ठरवलं ठाऊक नाही, पण त्याला बायकांचं काहीतरी कळत असावं. आधी असलेली मोजून होतात. मग दुसरा आकडा एकानं जास्त येतो. फरक विचारायचा नसतो, तो दिसतो.

एकीला विचारायच्या आधी तिच्या सासूनं नातवंडांना खाली पिटाळलं.

२३ फेब्रुवारी

शाळेत सगळ्या प्रगणक बायका भेटलो. अंबरनाथची मैत्रीण खुशीत. तिचा गट ऑर्डनन्स फॅक्टरीच्या बाजूला. जन्मस्थानं कानपूर, जबलपूर, कुठली कुठली, पण पंचवीसमध्ये पुरुषांचा एक आणि बायकांचा चार, म्हणजे नोकरी आणि लग्न. जुन्या घरांमध्ये विमको कारखान्यातून निवृत्त झालेले. तेही एक. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर. त्या गावाला हा रकाना मापानं शिवल्यासारखा बसतो.

बदलापूरची मैत्रीण वीटभट्टीवर गेली होती. कातकरी कुटुंबं, दिवाळीनंतर भट्टीवर येतात, पाऊस पडायच्या आत परततात. तिथं अडलं ते वयाशी. मुलाची जन्मतारीख? आई नुसती बघत राहिली. मग हिनं विचारलं, सव्वीस जुलैच्या पुरात हा केवढा होता? "पोटात होता. मी माळ्यावर चढून बसलेली." साडेपाच पुरी नाही. बाकीच्या पोरांचीही वयं मग त्या पुराच्या अलीकडे-पलीकडे लागत गेली आणि बाई घडाघडा बोलायला लागली. २००५च्या पुरात पाणी किती चढलं हे या पट्ट्यात कोणीही दरवाज्यावर हात लावून दाखवतं.

माझ्या गटात एक फर्निचरवाले आहेत, त्यांच्याच गोदामात झोपणारा एक हमाल आहे. मालकांनी घड्याळ बघत उत्तरं दिली. हमालानं प्रत्येक प्रश्नाला विचार केला. पायानं जाता की गाडीनं, कोणत्या भाषा येतात, कितवी शिकलात. मालकाला जे विचारलं तेच सगळं याला विचारलं, एकही कमी नाही. भोजपुरी, हिंदी, मराठी आणि "थोड़ा सिंधी, सेठ का गाली समझने जितना." या फॉर्मवर मी इतकी कुरकुर करते, पण असं न चुकता सगळ्यांना सारखं विचारणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. आमच्या शाळेतसुद्धा नाही.

२७ फेब्रुवारी, रविवार

घराघरांत टीव्ही. बंगळुरूला इंग्लंडची मॅच. आज प्रगणकाला कोणी दार उघडत नव्हतं, उघडलं तर मान मागे वळलेली.

रकाना दहा, मातृभाषा. दुकानदार, बायको, दोन मुलं. नवऱ्यानं चौघांची सिंधी सांगितली. मोठा मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, मेरी हिंदी लिखो. वडील भडकले. सिंधी घटनेच्या आठव्या अनुसूचीत यावी म्हणून केवढी खटपट झाली, १९६७ला आली, आणि हा म्हणतो हिंदी. मी नियम सांगितला: लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती. एवढा वेळ आई स्वयंपाकघरात होती. तिला बोलावलं. ती पदराला हात पुसत म्हणाली, "बडे के साथ हिंदी ही बोली. स्कूल में अडचन ना हो. छोटे के साथ भूल गई, सिंधी बोली." एका आईची दोन मुलं, दोन मातृभाषा. वडिलांनी तिच्याकडे बघितलं, जणू हे त्यांना आज कळत होतं. बहुधा कळत होतंच.

बदलापूरच्या मैत्रिणीला एका घरात "आगरी" असं उत्तर मिळालं. मराठी लिहू का विचारलं तर म्हणाले, मराठी शाळेत. आज कुसुमाग्रजांची जयंती, म्हणजे मराठी भाषा दिन. तिनं आगरी लिहिलं, नियमही सांगेल तसंच लिहायचा आहे.

मॅच टाय झाली. दोन्हीकडे ३३८.

(पुढे जोडलेलं, २०१८: भाषांचे आकडे आले. लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं देशभरात १९,५६९. छाननी करून, एकात एक घालून उरली १,३६९, शिवाय कुठेच न लागलेली १,४७४. सिंधी बोलणारे सुमारे २७ लाख ७२ हजार, त्यात धाकटा धरलेला आहे.)

२८ फेब्रुवारी, रात्री

बेघरांची मोजणी. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर, हातात टॉर्च, बरोबर शिपाई. झोपलेल्या माणसाला उठवून विचारायचं असतं, कुटुंबप्रमुख कोण. एकजण गोधडीतून उठून बसला, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, "मैंच." नातं: स्वतः. पंचवीसला तो थांबला. मग त्यानंच मला विचारलं, "आप किधर से आई?" बदलापूर म्हटलं. "क्यूं?"

२ मार्च

फेरतपासणीचे दिवस, पण आज महाशिवरात्र. अंबरनाथच्या रस्त्यावर मुंगीला वाट नाही. नणंदेकडे जाऊन देवळाच्या रांगेत उभी राहिले. शके ९८२च्या, म्हणजे १०६०च्या इथल्या लेखात शिलाहार राजा माम्वाणीचं नाव आहे, त्याच्या अधिकाऱ्यांचीही आहेत. रांगेत पुढच्या बाईनं विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी तोंड उघडलं आणि जन्मस्थान सांगावं, शेवटचं वास्तव्य की सध्याचं, यात अडकले. ती पुढे सरकली.

७ मार्च

पत्रकं जमा केली. पर्यवेक्षक पानं उलटत बसले होते, बोट पंचवीसवर.

"बाई, तुमच्याकडे सातच सात आहेत. इतके इतर कसे?"

"कॅम्प चार आहे, सर."

"हो, पण सगळे कुटुंबासहच आले असणार ना. सहा करून टाकायचे का?"

म्हटलं, एका आजीबाईंना तसं विचारून झालंय. काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. ते स्वतः कल्याणचे, पण मामाचं घर सिंधमधल्या मिरपूरखासचं होतं हे मला आजच कळलं. सात तसेच ठेवून त्यांनी पानाखाली सही केली आणि पुढचं पत्रक ओढलं. तिथं माझे जिल्ह्याचे कोड सुटसुटीत लिहिलेले नव्हते, त्यावर बराच वेळ बोलले.